संगीताची दिनदर्शिका: तारखा कशा नोंदवाव्यात

कलाकारांच्या जयंत्या-पुण्यतिथींची यादी करताना एक्सेलमध्ये पूर्ण तारीख एकाच रकान्यात भरू नका. १९०० पूर्वीची तारीख एक्सेल तारीख म्हणून ओळखतच नाही, नुसता मजकूर समजतो. मग संगीतशास्त्रकार भातखंड्यांचा जन्मदिवस १० ऑगस्ट १८६० आणि गायक-नट बालगंधर्वांचा २६ जून १८८८ यादीत भलतीकडेच जाऊन बसतात. महिना, दिवस, वर्ष असे तीन रकाने करा आणि क्रम आधी महिन्यावर, मग दिवसावर लावा. चौथ्या रकान्यात प्रकार: जयंती, पुण्यतिथी, पहिला प्रयोग. हयात कलाकाराला 'जयंती' चिकटवणं ही फार लागणारी चूक, म्हणून 'वाढदिवस' वेगळा ठेवा.

तिथी आणि तारीख यांची गल्लत टाळा. भातखंड्यांचा जन्म गोकुळाष्टमीचा. ती तिथी दरवर्षी सरकते, १० ऑगस्ट सरकत नाही. दोन्ही लिहा, पण क्रम तारखेनेच.

उत्सवावरून तारीख काढू नका. गायक सवाई गंधर्वांच्या स्मृतीचा सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरात भरतो, त्यांची पुण्यतिथी मात्र १२ सप्टेंबर (१९५२). गायक मल्लिकार्जुन मन्सूरही १२ सप्टेंबरलाच गेले, १९९२ साली. म्हणून एका दिवसाला एकच ओळ असं बंधन नको.

शताब्दी मोजताना सर्वाधिक घोळ होतो. भीमसेन जोशींचा जन्म ४ फेब्रुवारी १९२२ चा. जन्मशताब्दी वर्ष ४ फेब्रुवारी २०२१ ला सुरू झालं, शंभरावी जयंती २०२२ ला. वजाबाकी करून येणारा आकडाच 'कितवी' म्हणून लिहा. जन्मवर्षावरच मतभेद असतील, जसे किशोरी आमोणकरांच्या बाबतीत १९३१ की १९३२, तिथे १० एप्रिल नोंदवा, 'कितवी' रिकामं सोडा.