चरबी उतरवता उतरवता स्नायू कसे वाढवावेत

नुसतं कमी खाल्लं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. दंड बारीक झाले, पोट मात्र जागच्या जागी, ही तक्रार त्यातूनच येते. चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं एकाच वेळी जमतं ते मुख्यतः व्यायामाला नव्याने लागलेल्यांना, अंगावर बऱ्यापैकी चरबी असलेल्यांना किंवा मोठ्या खंडानंतर परतलेल्यांना. वर्षानुवर्षं वजनं उचलणाऱ्या सडपातळ माणसाने फार आशा धरू नये.

१. तूट लहान ठेवा. वजन स्थिर राहतं त्या आहारातून रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी करा. आधी तेल बघा. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात आणि फोडणी अंदाजानेच पडते.

२. प्रथिनं मोजा. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातला २०१६चा एक प्रयोग आहे. तरुणांनी चार आठवडे कॅलरी ४० टक्के घटवून कसून व्यायाम केला. वजनाच्या किलोमागे २.४ ग्रॅम प्रथिनं घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो उतरली, वर चरबी वगळता उरणारं वजन १.२ किलो वाढलं. १.२ ग्रॅम घेणाऱ्यांचं ते जेमतेम टिकलं. आपल्याला १.६ ग्रॅमही पुरे, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम.

वरण-भात-पोळीत एवढं निघत नाही. वाटीभर वरणात साधारण ६ ग्रॅम, पोळीत ३. शेंगदाण्यांवर भिस्त ठेवू नका: २५ ग्रॅम प्रथिनांसाठी १०० ग्रॅम दाणे आणि जवळजवळ ५७० कॅलरी पोटात जातात. तेवढीच प्रथिनं ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पावणेदोनशे कॅलरींत मिळतात. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, नाहीतर रस्सा आत मुरत नाही. शिवाय १०० ग्रॅम पनीरमधून १८, तीन अंड्यांतून १८, व्हे पावडरच्या (दुधातल्या प्रथिनांची पूड) एका मापातून सुमारे २४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

३. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला. स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), पुशअप आणि खांद्यावरून वर ढकलण्याचा एक प्रकार. प्रत्येकाचे तीन सेट म्हणजे फेऱ्या, दर फेरीत ८ ते १२ वेळा. शेवटी आणखी एकदोनदाच जमेल इतपत दमलं पाहिजे. वजन आणि आकडा वहीत टिपा. बारा सहज झाले की पुढच्या खेपेला वजन थोडं वाढवा. तेच डंबेल महिनोन्महिने फिरवून घाम येईल, स्नायू येणार नाहीत.

४. सात-आठ तास झोपा.

५. वजनकाट्यावर एकट्यावर विसंबू नका. चरबी जाते, स्नायू येतात, काटा जागेवरच. शिंप्याच्या टेपने दर पंधरवड्याला सकाळी अनशापोटी बेंबीपाशी कंबर मोजा. कंबर घटतेय आणि वहीतली वजनं वाढतायत, तर काही बदलू नका. वहीतले आकडे आठवडेच्या आठवडे घसरत असतील तर तूट जास्त झाली, एक पोळी परत ताटात घ्या.