ॲडसेन्सची वॉर्निंग अशी घालवली
रेसिपीच्या साइटवर जाहिराती लागल्या, पण ॲडसेन्स, म्हणजे गूगलची जाहिरात सेवा, उघडलं की वर वॉर्निंग, ॲड्स डॉट टीएक्सटी नाही म्हणून कमाई धोक्यात. आता ही फाइल म्हणजे आपल्या साइटवर जाहिराती विकायचा हक्क कोणाला आहे ते सांगणारी साधी यादी, 2017 पासून आलीये. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग सेवेवर असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन कस्टम ॲड्स डॉट टीएक्सटी चालू करायचं आणि ॲडसेन्समधली ओळ जशीच्या तशी पेस्ट करायची. गंमत म्हणजे जाहिरातीच्या कोडमध्ये आपल्या ॲडसेन्स खात्याचा नंबर ‘सीए-पब’ने सुरू होतो, इथे मात्र नुसतं ‘पब’ लागतं, तेवढं नीट बघा. वॉर्निंग लगेच जात नाही, काही दिवस लागतात, उगाच रोज खाडाखोड करू नका. तसेही 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, घाई कसली!