एका कॅपिटल अक्षरापायी रात्र गेली
लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीसाठी सोयाबीनच्या पट्ट्यांचं, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्यांचं, सॉफ्टवेअर करतोय. माझ्या विंडोजवर सगळं सुरळीत, लिनक्स सर्व्हरवर मात्र ‘फाइल सापडत नाही’. पहाटे कळलं: फाइलच्या नावात ‘एस’ कॅपिटल, इम्पोर्टमध्ये, म्हणजे ती फाइल कोडमध्ये बोलावणाऱ्या ओळीत, स्मॉल. विंडोज दोन्ही एकच धरतं, लिनक्स धरत नाही.

नाव बदललं तरी कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटला बदल दिसेना. विंडोजवर त्याचं ‘इग्नोरकेस’, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक न धरण्याचं सेटिंग, चालू असतं. मग ‘गिट एमव्ही’ या नाव बदलायच्या कमांडनं दोनदा बदललं, आधी तात्पुरतं नाव, मग खरं.

आता सगळी नावं स्मॉल अक्षरांत, स्पेसऐवजी हायफन. तारखेत वर्ष आधी, २०२४-१०-०५ असं. यादी आपोआप क्रमानं लागते. जोडीदार म्हणाला, “दादा, पायथनला इम्पोर्टमध्ये हायफन चालत नाही की!” खरंय, त्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फाइलींत अंडरस्कोर (_). रीडमी या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीत लिहून टाकलं.