वर्कशॉपचं घर करताना

जुन्या वर्कशॉपमध्ये राहायला जायचं ठरवलंत तर भिंतींचे रंग नंतर निवडा, आधी वर बघा. छपराचे पत्रे करडे, सिमेंटचे, नागमोडी असतील तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते असं तंतुमय खनिज, असण्याची दाट शक्यता. त्यांना ड्रिल लावायचं नाही, फोडायचे नाहीत, कोरडा झाडूसुद्धा मारायचा नाही. नमुना तपासून घ्या आणि काढायचे झाले तर जाणत्या माणसांकडूनच काढून घ्या. जमीनवापर बदलाची परवानगी आणि स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) ही कामं कंटाळवाणी आहेत, पण ती उरकल्याशिवाय गवंडी बोलावू नका.

मला सगळ्यात छळलं ते फरशीनं. लेथ मशीन जिथे होतं, तिथला कोबा वर्षानुवर्षं तेल प्यायलेला. दोनदा घासला, टाइल बसवल्या, आणि महिनाभरात टिचकी मारली की पोकळ आवाज, म्हणजे टाइल खालून सुटलेल्या! शेवटी तेवढा तुकडा फोडून नव्यानं ओतला. तुम्ही आधीच पाणी शिंपडून बघा. मुरलं तर ठीक. थेंब गोळी होऊन वरच बसला तर तेल आहे असं समजा.

विटा चुन्यात बांधलेल्या असतील तर गिलावाही चुन्याचाच करा. सिमेंटखाली ओल अडकते आणि विटा भुसभुशीत होतात.

उंची साडेपाच मीटर, म्हणून मुलांसाठी पोटमाळा निघाला. उन्हाळ्यात तिथे भट्टी, कारण छपराखालचं इन्सुलेशन मी ‘नंतर बघू’ म्हणून टाळलं होतं. माझाच कंजूषपणा. क्रेनचा गर्डर मात्र ठेवला. इंजिनिअरला विचारून त्याला झोपाळा टांगलाय.