दारातली घंटा वाजली तर

बिल चुकते करून कपड्यांच्या दुकानातून बाहेर पडताना चोरी रोखण्यासाठी दारात बसवलेले, मालावरचा टॅग ओळखणारे खांब अचानक ओरडू लागले, तर घाईने पुढे निघून न जाता मागे वळावे आणि बिलासह पिशवी स्वतःहून काउंटरवर न्यावी. पुष्कळदा चूक तिथलीच असते. प्लॅस्टिकचा टणक टॅग चुंबकाने काढायचा राहिलेला असतो किंवा चिकटवलेले लेबल निष्क्रिय करणाऱ्या पॅडवरून वस्तू नीट फिरवलेली नसते. काही दुकानांतले खांब 58 किलोहर्ट्झवर, तर काहींतले 8.2 मेगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांना फक्त चालू टॅग ओळखता येतो, पैसे दिले की नाही हे नव्हे.

एकदा मॉलमध्ये ओळीने तीन दुकानांच्या दारांत माझ्यामुळे घंटा वाजली. अखेर पहिल्या दुकानातून घेतलेल्या पँटच्या खिशात, आतल्या शिवणीला लागून, बोटभर पांढरी पट्टी सापडली. म्हणून एकेक वस्तू खांबांमधून वेगळी नेऊन पाहण्याचा आग्रह धरावा.

घंटा म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे. रखवालदाराने अंगझडतीची भाषा केल्यास, आवाज न चढवता, ठाम नकार द्यावा आणि व्यवस्थापकाला बोलावून, संशय असेल तर पोलिसांना कळवा, असे सांगावे. टॅग घरी पोहोचल्यावर लक्षात आला, तर तो पक्कडीने तोडू नये, कारण काहींमध्ये शाईची कुपी असते आणि ती फुटली की नवा सदरा कायमचा बाद होतो. बिल घेऊन दुकानातच जावे.