पहिल्यांदाच टर्की करताय? या चुका टाळा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. अमेरिकेत नुकतीच शिकायला आलेली मुलं, लग्न होऊन आलेली एखादी मुलगी, शेजारणीची भाची. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या मोठ्या सणाला, माणसं जेवायला बोलावलीत आणि पहिल्यांदाच टर्की, म्हणजे कोंबडीसारखाच पण खूप मोठा पक्षी, अख्खी भाजायची आहे. मी न्यू जर्सीत दर वर्षी करते, म्हणून मला विचारतात. जरूर विचारावं. पण सगळ्यांचे फोन येतात गुरुवारी सकाळी, आणि तोवर सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. विचारायचं ते आधीच्या शनिवारी.

कारण सगळ्यात मोठी चूक शनिवार-रविवारीच होते. दुकानातली बहुतेक टर्की दगडासारखी गोठलेली असते. फ्रिजमध्ये ती मोकळी व्हायला दर 4 ते 5 पाउंडांमागे पूर्ण 24 तास लागतात. 16 पाउंडांची असेल तर चार दिवस. आपल्याला सवय किलो-दीड किलो चिकनची. सकाळी फ्रीझरमधून काढलं की दुपारी फोडणीला तयार. तोच हिशोब इथे लावला की फसगत ठरलेली.

दोन वर्षांपूर्वी सकाळी साडेआठला एका मुलीचा फोन आला. “काकू, वरून मऊ लागतेय, पण पोटात हात घातला तर आत नुसता बर्फ. एक वाजता सगळे येणार आहेत.” 16 पाउंडांची टर्की तिने मंगळवारी संध्याकाळी आणून फ्रिजमध्ये ठेवली होती. नवरा टबात गरम पाणी सोडायच्या तयारीत होता. ते मी आधी थांबवलं. गरम पाण्यात वरचं मांस कोमट होऊन तिथे जंतू वाढायला लागतात, आतला बर्फ मात्र हलत नाही. गार पाण्यात वितळवता येते, पण दर पाउंडाला अर्धा तास धरावा लागतो आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलावं लागतं. तेवढा वेळ कुठे होता? शेवटी म्हटलं, आहे तशी ओव्हनमध्ये घाल, 325 अंश फॅरनहाइटवर. गोठलेली टर्की अशी भाजली तर चालते, फक्त वेळ दीडपटीच्या आसपास लागतो. दोन-अडीच तासांनी दुकानातूनच पोटात भरून येते ती मान-कलेजीची पिशवी सुटी झाली, ती तिने चिमट्याने ओढून काढली, तेव्हा कुठे वरून मीठ-मसाला लावता आला. टर्की बाहेर आली तीन वाजता. तोवर पाहुण्यांचं सगळं लक्ष ओव्हनच्या काचेकडे. मांस नीट शिजलं होतं, पण चव आत गेलीच नव्हती, आणि पोरगी दमून रडवेली झाली होती. परक्या देशातला तिचा पहिला सण होता. मला फार वाईट वाटलं.

माझी सवय अशी: शनिवारी रात्री टर्की फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात जाते, वेष्टनासकट, खोल परातीत. परात हवीच, कारण पाणी गळतं आणि ते भाजीवर पडता कामा नये. बुधवारी सकाळी पोटात हात घालून बघते. थोडा बर्फ हाताला लागला तर गार पाण्यात तासभर ठेवायला दिवस हाताशी असतो. कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, तिथल्यांनी बुधवारी रात्री सुरुवात करावी. आणि चार दिवस हाताशी नसतीलच, तर नुसता छातीचा तुकडा आणा किंवा न गोठवलेली ताजी टर्की आणा. हे दोन शॉर्टकट मला मान्य आहेत, बाकीचे नाहीत.

दुसरी चूक खास आपली. हळद-मीठ लावून नळाखाली खळखळून धुणं, मग चरे पाडून दही, आलं-लसूण आणि तिखटाचं वाटण थापून रात्रभर ठेवणं. एवढं मोठं धूड धुताना पाणी सिंकभर, ओट्यावर, बाजूच्या कोथिंबिरीवर उडतं, आणि त्याबरोबर साल्मोनेलाचे जंतू. धुऊ नका. जंतू ओव्हनच्या आचेने मरतात. दह्याचं म्हणाल तर ते कातडीच्या वरच राहतं, आत उतरत नाही, आणि तीन-साडेतीन तासांत वाटण करपून काळं पडतं. चऱ्यांमधून रस वाहून जातो तो वेगळाच. आपण चिकनचं कातडं काढतो, इथे ते जपायचं असतं, कारण छातीचं मांस त्याच्याच आडोशाला ओलं राहतं.

बुधवारी रात्री कागदाने अंग अगदी कोरडं टिपा, दर पाउंडाला अर्धा छोटा चमचा साधं मीठ सगळीकडे चोळा आणि न झाकता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कातडी हाताला चर्मपत्रासारखी ताठ लागते. तीच भाजल्यावर कुरकुरीत होते. मसाला हवाच असेल तर लोण्यात कालवून, बोटांनी कातडी अलगद सोडवून, तिच्या खाली सारा. मात्र वेष्टनावर मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल तर वरून मीठ लावू नका, खारट होते.

तिसरी गोष्ट थर्मामीटर. घड्याळ, रसाचा रंग, सुरी खुपसून बघणं, टर्कीत खोचलेली, शिजली की वर उडणारी प्लॅस्टिकची खूण, यांतल्या कशावरही माझा विश्वास नाही. 12-14 पाउंडांची, पोटात काही न भरलेली टर्की 325 अंशांवर तीन ते पावणेचार तास घेते. पण हा झाला अंदाज. मांडीच्या आतल्या बाजूला आणि छातीच्या जाड भागात, हाडाला टोक न लावता, 165 अंश दिसले की झाली. उशीर होतोय म्हणून आच 450 वर नेणारे मला दर वर्षी भेटतात. बाहेरून काळी, छाती भुशासारखी आणि मांडी कच्ची असं होतं. मी छाती रंगली की तिच्यावर दुहेरी फॉइल ठेवते आणि वाट बघते.

बाकी पटापट सांगते. मान-कलेजीच्या पिशव्या दोन ठिकाणी असू शकतात, पोटात आणि मानेकडच्या बाजूला. दोन्हीकडे हात घाला. अल्युमिनियमचं पातळ भांडं वजनाने वाकतं आणि उकळती चरबी हातावर येते. खाली जाड ट्रे ठेवा. ओव्हनचं दार सारखं उघडू नका. माणशी दीड पाउंड पुरतं, सहा जणांना 20 पाउंड कशाला? अर्धवट गोठलेली टर्की तेलात कधीही सोडू नका, तेल उसळून घराला आग लागते.

बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावू नका, लगेच कापली तर सगळा रस पाटावर. जेवणं झाली की दोन तासांच्या आत उरलेलं मांस हाडावरून सोडवून फ्रिजमध्ये टाका, तीन-चार दिवस चालतं. हाडं टाकू नका. शुक्रवारी ती मोठ्या पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन तास उकळते, त्या पाण्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालते, शेवटी मांसाचे तुकडे. बरोबर भाकरी किंवा गरम भात.