‘कॉन्ट्रा’चा शेवटचा टप्पा : ‘एस’ बंदूक सांभाळा

सुट्टीत नौपाड्यात किंवा वाशीत भावंडे जमली की माळ्यावरचा कॅसेटवाला टीव्ही गेम खाली उतरतो, आणि कोनामी कंपनीच्या ‘कॉन्ट्रा’ या गोळीबाराच्या खेळाचा आठवा, म्हणजे शेवटचा टप्पा येईपर्यंत बहुतेकांची आयुष्ये संपत आलेली असतात. येथे आयुष्यांइतकीच जपावी लागते ती ‘एस’ (‘स्प्रेड’, म्हणजे फाकत्या गोळ्यांची) बंदूक, कारण मरण आले की ती हातची जाते आणि साध्या बंदुकीने शेवटचा शत्रू, म्हणजे परग्रहवासीयाचे हृदय, फोडणे फार जिकिरीचे होते. ‘एस’ हाती असताना दुसऱ्या बंदुकांची ‘एम’, ‘एफ’ किंवा ‘एल’ ही चिन्हे उचलली तरी ती बदलते, म्हणून ती कटाक्षाने टाळावीत. ‘आर’ मात्र खुशाल घ्यावे, कारण त्याने बंदूक बदलत नाही, फक्त गोळ्यांचा वेग वाढतो.

या बंदुकीतून एका वेळी पाच गोळ्या फाकत सुटतात. दुरून त्यांतली एखाद-दुसरीच लागते. जवळून पाचही लागतात, शिवाय पडद्यावर एका वेळी ठरावीकच गोळ्या राहू शकत असल्याने त्या लगेच आदळल्या की पुढचा बारही लवकर निघतो. हृदयासमोर पोहोचल्यावर आधी भोवतालची अंडी फोडावीत, कारण कोळ्यासारखे जीव त्यांतूनच बाहेर पडतात, आणि मगच पुढे सरकून हृदयावर सतत मारा करावा.

नव्या एलईडी टीव्हीवर खेळत असल्यास ‘गेम मोड’ सुरू करावा, अन्यथा बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते आणि या टप्प्यात तेवढा उशीरही जिवावर बेततो.